चौथ्या वाढदिवसाला काय द्यायचं?

बडोद्याच्या मंगळबाजारातल्या कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात शिरा आणि "चार वर्षांच्या मुलासाठी काहीतरी शैक्षणिक दाखवा" म्हणा. दुकानदार हमखास एक मोठं रंगीत खोकं पुढे करतो. आत प्लास्टिकचा लॅपटॉप. बटण दाबलं की 'ए फॉर ॲपल' म्हणणारा. "बेन, आ बहु चाले छे." खरंच खूप खपतं ते. खेळणं निवडतात मोठी माणसं, आणि मोठ्यांना अक्षरं नि आकडे दिसले की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

खोक्यावर 'शैक्षणिक' छापायला कुणाचीही परवानगी लागत नाही. खेळणं सुरक्षित असावं यासाठी आपल्याकडे नियम आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच. पण त्यातून मूल काही शिकतं का, हे कुणी तपासून शिक्का मारत नाही. ते दुकानात उभं राहून आपणच ठरवायचं असतं. मी बालवाडीत शिकवत असल्यामुळे वाढदिवसांच्या हंगामात दांडियाबाजारातले अर्धे नातेवाईक मला फोन करून हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

माझा प्रश्न एकच असतो: या खेळण्याशी खेळताना मुलाला काय काय करावं लागेल?

तो लॅपटॉप घ्या. बटण दाबलं, आवाज आला. दुसरं बटण, दुसरा आवाज. बोललं यंत्र, बरोबर-चूक ठरवलं यंत्राने, टाळ्याही त्यानेच वाजवल्या. मुलाच्या वाट्याला बोट दाबणं तेवढं आलं. आठवड्याभरात सगळी बटणं दाबून होतात आणि लॅपटॉप पलंगाखाली जातो.

आता साध्या लाकडी ठोकळ्यांचा संच बघा. चार वर्षांची मुलगी पूल बांधतेय. दोन ठोकळे उभे, त्यांच्यावर तिसरा आडवा. तिसरा आखूड पडतो आणि खाली येतो. ती तोच ठोकळा पुन्हा ठेवते, या वेळी जरा दाबून, जणू दाबल्याने तो लांब होणार आहे. पुन्हा पडतो. मग ती थोडा वेळ नुसती बघत बसते. मग एकतर ढिगातून लांब ठोकळा शोधते, नाहीतर खालचे दोन जवळ सरकवते. पूल उभा राहतो, आणि लगेच त्याच्याखालून जायला गाडी हवी होते. दोन-तीन मिनिटांचा हा खेळ. त्यात तिने लांबी आणि अंतर यांची सांगड घातली, तोल कसा सांभाळायचा ते पाहिलं, एक उपाय फसल्यावर दुसरा काढला आणि रडारड न करता पुन्हा हात लावला. 'चूक' असं कुणी म्हटलं नाही. ठोकळा पडला, एवढंच.

चूक दाखवायचं काम खेळण्यानेच करावं, ही कल्पना जुनी आहे. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं, तिथल्या साधनांमागचा विचार हाच. त्यांचा गुलाबी मनोरा म्हणजे दहा ठोकळे, सगळ्यात छोटा 1 सेंटिमीटरचा आणि सगळ्यात मोठा 10 सेंटिमीटरचा. क्रम चुकला की मनोराच वेडावाकडा दिसतो, बाईंनी सांगायची गरज पडत नाही. आपल्या गुजरातेत ही पद्धत रुजवली बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी. 1920 मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करत होत्या. पुढे 1945 मध्ये त्या महाराष्ट्रातल्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि तिथल्या मुलांसाठी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं अशा आजूबाजूच्या वस्तूंचीच साधनं केली. महागडं 'माँटेसरी किट' परवडत नाही म्हणून ज्यांना अपराधी वाटतं, त्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

बोलक्या खेळण्यांवर माझा राग आहे असं समजू नका. (थोडा आहे.) पण त्यामागे कारण आहे. 2016 मध्ये अमेरिकेत एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. 10 ते 16 महिन्यांच्या बाळांना आईवडिलांबरोबर तीन प्रकारच्या वस्तूंशी खेळू दिलं: दिवे लागणारी-बोलणारी खेळणी, ठोकळ्यांसारखी साधी खेळणी आणि पुस्तकं. घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. खेळणं बोलायला लागलं की आईबाप गप्प होतात, असं त्यात दिसलं. शब्द कमी, एकमेकांना दिलेली उत्तरं कमी. पुस्तक हातात असताना सगळ्यात जास्त शब्द बोलले गेले. ही बाळं बालवाडीच्या वयाची नव्हती हे खरं, पण आपल्या घरात डोकावलं तर चार वर्षांच्या मुलाबाबतही तेच दिसेल. 'ए फॉर ॲपल' चालू असताना आजी काय बोलणार?

आणि आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत तर भाषेचा प्रश्न आणखीच खास आहे. घरात मराठी, खाली सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. लोक घाबरतात की मूल गोंधळेल. घाबरू नका, फक्त त्याला बोलायला निमित्त द्या. माझ्या वर्गातली एक मुलगी दुकान-दुकान खेळताना गिऱ्हाइकाला "वीस रुपिये किलो, बेन" म्हणते आणि पुढच्या क्षणी काखेतल्या बाहुलीला, "चल बाळा, पिशवी धर नीट." कुठल्या माणसाशी कुठली भाषा, हे तिला बरोबर कळतं. हे भातुकलीत, डॉक्टरच्या पेटीत, खोट्या भाजीवाल्यात घडतं. खेळण्यातल्या तराजूला स्वतःचा आवाज नसतो, म्हणून मुलाला स्वतः बोलावं लागतं.

या लुटुपुटूच्या खेळात आणखी एक मोठी गोष्ट दडलेली असते. मूल केळं कानाला लावून "हॅलो" म्हणतं, ओळीने खुर्च्या मांडून कामाटीबागेतली झुकझुक गाडी करतं, तेव्हा एका वस्तूने दुसऱ्या वस्तूच्या जागी उभं राहायचं असतं, हे त्याला उमगलेलं असतं. लिहिणं-वाचणं पुढे याच समजेवर उभं राहतं. कागदावरची 'क' ही खूण एका आवाजाच्या जागी उभी असते, दुसरं काय? त्यामुळे भातुकलीला 'नुसता खेळ' आणि फ्लॅशकार्डांना 'अभ्यास' समजणाऱ्यांनी जरा थांबावं. भातुकली मुलग्यांनाही द्या. पाच वर्षांचा मुलगा पोळ्या लाटायचा खेळ किती मन लावून खेळतो, हे एकदा पाहाच.

आता खोक्यावरच्या वयाबद्दल. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. '3+' लिहिलेलं वाचून लोकांना वाटतं की हे खेळणं तीन वर्षांच्या बुद्धीचं आहे. मग "आमचा फार हुशार आहे हो" म्हणून दीड वर्षाच्या मुलासाठी तीनचं आणि तीनच्या मुलासाठी सहाचं घेतात. तीन वर्षांखाली नको, ही खूण मात्र बहुतेक वेळा घशासाठी असते. तीन वर्षांखालची मुलं सगळं तोंडात घालतात आणि त्यांचा श्वासमार्ग अरुंद असतो. म्हणून त्यांच्यासाठीच्या खेळण्यांची एक ठरलेली चाचणी आहे: 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी घ्यायची. खेळण्याचा सुटा भाग न दाबता त्या नळीत पूर्ण मावला, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्यांसाठी नापास. आपलं दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं आहे, त्यावरून अंदाज घ्या. चेंडूंची मर्यादा याहून मोठी, 44.5 मिलिमीटर, कारण गोल वस्तू घशात अडकली तर वारा जायला फटच उरत नाही. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिलिमीटरचा असतो, म्हणजे तोही लहानच ठरला. हुशारीचा इथे काही संबंध नाही. आणि भेट चार वर्षांच्या ताईला द्यायची असली तरी घरात रांगणारा भाऊ असेल, तर खरेदी भावाचं वय धरून करा.

तीन गोष्टींबाबत मी फार कडक आहे. पहिली, बटणासारखे चपटे सेल. गिळलेला मोठा सेल अन्ननलिकेत अडकला तर लाळेमुळे त्यातून वीज वाहायला लागते आणि दोन तासांत आत गंभीर भाजू शकतं. 'संपलेल्या' सेलमध्येही त्यासाठी पुरेशी वीज उरलेली असते. म्हणून सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसवलेलं हवं, नखाने उघडता कामा नये. दुकानात उघडून बघा, लाजू नका. आणि मुलाने असा सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी सकाळची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठायचं. दुसरी गोष्ट, छोटे शक्तिशाली लोहचुंबक. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून ते एकमेकांना खेचतात आणि मधली आतडी चिमटली जाऊन भोक पडू शकतं. तिसरी, पाण्यात फुगणारे रंगीत मणी. पोटात गेले तर तिथेही फुगतात. संवेदनांच्या खेळासाठी म्हणून हे मणी हल्ली सर्रास विकतात. त्याऐवजी परातीत तांदूळ आणि वाट्या द्या. तेही कुणी मोठं जवळ बसलेलं असताना.

आयएसआय खूण बघायचीच. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे, देशी असो की परदेशी. साध्या खेळण्यांवर आयएस 9873 आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांवर आयएस 15644 असा मानकाचा क्रमांक दिसतो, आणि खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते कळतं. उभ्या उभ्या होणारं काम आहे. खूण नुसती छापून टाकणारेही भेटतात, म्हणून क्रमांक तपासायचा.

बडोद्याजवळच्या संखेडा गावच्या लाकडी खेळण्यांचं वेगळं. आपल्याकडे ती घरोघरी असतात: खुळखुळे, पांगुळगाडा, पोळपाट-लाटणं, पाळणा. खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर सागवानी लाकडाला आकार देऊन, रंगवून वर लाखेचा चकचकीत थर चढवतात. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, म्हणून अशा खेळण्यावर खूण नसली तर लगेच संशय घ्यायला नको. पण नोंदणीबद्दल विचारायला हरकत नाही. काठ, टोकं, सुटणाऱ्या कड्या हाताने चाचपून बघा. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग सुटतो का तेही बघा. अर्थात त्यातून रंग पक्का की कच्चा एवढंच समजतं, रंगात शिसं आहे की नाही हे रुमाल सांगणार नाही. ओळखीच्या कारागिराकडून घेतलेलं बरं.

वयानुसार यादी द्या, असा आग्रह होतो. यादी थोडक्यातच देते, कारण मुलं यादीप्रमाणे वाढत नाहीत. तीनच्या आसपास मोठे तुकडे: सात-आठ तुकड्यांचं चित्रकोडं, ओवायला जाड मणी, मोठ्या आकाराचे जोडायचे ठोकळे. चारच्या पुढे बोथट कात्री, डॉक्टरची पेटी, वीस-पंचवीस तुकड्यांचं कोडं. पाचला नियमांचे खेळ, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबायचं आणि हरलं तरी पट उधळायचा नाही. हे दुसरं मोठ्यांनाही जमत नाही.

आजोबांचा ठरलेला प्रश्न असतो, "लिहायला कधी लागणार?" गुजरातमध्ये जून 2023 पासून पहिलीत प्रवेशासाठी सहा वर्षं पूर्ण लागतात, त्याआधी बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात भर खेळातून शिकण्यावर आहे. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला पाटी गिरवायची घाई नाही. पेन्सिल धरायला बोटांत जोर लागतो, आणि तो कणीक मळून, मणी ओवून, कागद फाडून, कपड्यांचे चिमटे दोरीला लावून येतो. मातीचा गोळा द्या. तळहातावर वळवळत लांब साप होतो, मग त्याचं वेटोळं, मग वेटोळ्याची जिलबी. त्यात अक्षरं नसली तरी अक्षरं काढणारी बोटं त्यातून तयार होतात.

आकड्यांसाठीही एक स्वस्त गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. 2008 मध्ये गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक साधा पट खेळायला दिला. एका सरळ रेषेत 1 ते 10 अशी घरं, एक फिरकी आणि एक सोंगटी. प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या चार बैठका. एवढ्यावर त्या मुलांची संख्यांची समज बरीच सुधारली. तसाच पट आकड्यांऐवजी रंगांचा दिला, तेव्हा असं झालं नाही. पुढच्या एका अभ्यासात गोल पटानेही तेवढा उपयोग झाला नाही. सरळ रेषेत सात खरोखरच तीनच्या पुढे, लांब असतो. सोंगटीला तिथे पोचायला जास्त वेळ लागतो, जास्त वेळा हात हलवावा लागतो, जास्त आकडे म्हणावे लागतात. खेळताना एक बारकावा पाळायचा. सोंगटी तीनवर आहे आणि फिरकीवर दोन आले, तर मुलाने "एक, दोन" असं न म्हणता घरांतले आकडे म्हणायचे, "चार, पाच." जादू त्यातच आहे. असा पट जाड पुठ्ठ्यावर तासाभरात घरी होतो. आकडे मराठीत लिहा, शाळेतले त्याला शाळेत मिळतीलच. सापशिडी आपली लाडकी खरी, पण शंभर घरं आणि दर ओळीला उलटी फिरणारी वाट चार वर्षांच्या मुलाला झेपत नाही, पाच-सहाला काढा.

टॅबलेटवरचे 'शैक्षणिक' खेळ भेट देऊ नका. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, कमी बसलं तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय. तो तास घरच्या मोबाइलवर आधीच खर्च झालेला असतो.

देणाऱ्यांसाठी थोडं. वाढदिवसाला पंधरा पाकिटं येतात आणि त्यातली बारा कुचकामी असतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या एका अभ्यासात, खोलीत सोळा खेळण्यांऐवजी चारच ठेवली तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून आत्या, मावशी, काका यांनी मिळून वर्गणी काढावी आणि भरपूर ठोकळ्यांचा एकच चांगला संच घ्यावा. दहा ठोकळ्यांत किल्ला होत नाही. मुलाच्या आईला आधी विचारावं. घर दोन खोल्यांचं असेल तर मोठा स्वयंपाकघर-सेट तिच्या डोक्यावर बसतो, आणि ढोल देणाऱ्या काकांना ती वर्षभर विसरत नाही. बिल द्यावं, बदलून घेता येतं. काहीच सुचलं नाही तर मराठी चित्रांचं पुस्तक द्यावं. इथल्या बहुतेक मुलांना शाळेत मराठी नाही, ते मांडीवरच मिळणार.

बोरन्हाणाच्या भेटींना मात्र हे सगळं लागू होत नाही. तिथे एक ते पाच वर्षांची मुलं एकत्र येतात आणि प्रत्येकाच्या हातात तेच पाकीट जातं, म्हणून हिशेब सगळ्यात लहानाचा धरायचा. फुगे नकोत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटला तर काढणं महाकठीण. शिट्ट्या, गोट्या, उड्या मारणारे छोटे चेंडू, चमकणाऱ्या अंगठ्या नकोत. जाड खडू आणि कोऱ्या कागदांची वही, बोटांवर बसणारी कापडी बाहुली, रबरी बादली-फावडं यांतलं काहीही चालेल. आणि लुटीतही चुरमुरे भरपूर घाला, पण अख्खे शेंगदाणे, हरभरे आणि कडक गोळ्या वगळा. बोरं पडणारच, ती परंपराच आहे. तेव्हा तीन वर्षांखालच्या मुलांच्या मुठी लूट संपल्यावर लगेच एका आजीने तपासायच्या, हे आधीच ठरवून ठेवा.